संग्रहासाठी इंग्रजी बनावटीची जुनी रिव्हॉल्व्हर हवी आहे, परवाना मंजूर झालाय. मराठवाड्यात कुठे आणि कशी शोधावी?

मिळते, फक्त घाई करू नका. मी जालन्याचा. माझ्याकडे 32 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीची मार्क फोर रिव्हॉल्व्हर आहे आणि ती हाती यायला तीन वर्षं लागली.

परदेशातून हत्यार मागवणं सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. म्हणजे जे आधीच कुणाच्या तरी परवान्यावर आहे त्यातूनच शोधायचं. शस्त्रविक्रेत्यांकडे सांगून ठेवा. परवानाधारक वारला की घरचे लोक हत्यार तिथं जमा करतात. दुसरी वाट जुन्या परवानाधारक घरांची. मला माझी वेब्ली एका वृद्ध वकीलसाहेबांकडून मिळाली. अशा खाजगी विक्रीत विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. ते दिवस फार जड जातात, पण त्यात पळवाट शोधू नका.

तिसरी वाट तुम्हाला कुणीतरी दाखवेलच: ‘निजामाच्या काळातली आहे, पोलीस ॲक्शनच्या वेळी भिंतीत दडवली होती, कागद तेवढा नाही.’ अंबडकडच्या एका वाड्यात मलाही अशी एक दाखवली होती, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. नळीवर वेब्लीचं नाव होतं, पण अक्षरं उथळ, एकेक वेगळी ठोकलेली, ओळ वाकडी. गावठी होती. अस्सल असती तरी मी घेतली नसती. बिनपरवाना हत्याराला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षांची कैद आहे. घरच्यांना मी ती ठाण्यात जमा करायला सांगून आलो.

बोअर आधी ठरवा. पहिल्या महायुद्धातली 455 ची वेब्ली दिसायला देखणी, पण तो बोअर प्रतिबंधित. त्याचं लायसन्स केंद्राकडून लागतं. 32 मध्येच शोधा. शिवाय आता एका माणसाला 2 च हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे मिळेल ती उचलायची सोय नाही. कुणी म्हणेल, ‘क्युरिओला, म्हणजे जुन्या दुर्मिळ संग्राह्य वस्तूला, परवाना लागत नाही.’ 2020 च्या नियमांत क्युरिओ वर्गातली छोटी शस्त्रं बाळगायला सूट आहे खरी, पण वापरायला आणि इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. तुमची वस्तू त्या वर्गात बसते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयातून, लेखी घ्या.

बघायला जाल तेव्हा भिंग न्या आणि आधी रिकामी आहे याची खात्री करा. डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की नळी पुढे झुकते आणि मधली चांदणी (चांदणीच्या आकाराचा भाग) वर येऊन काडतुसं बाहेर ढकलते. माझ्या वेब्लीची ती चांदणी इतकी अलगद वर येते की दर वेळी बघावंसं वाटतं. नळी बंद करून हलवून बघा, बिजागरीत खडखड नको. फ्रेमवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अंकन्‌अंक जुळवा. पॉलिश करून चकचकीत केलेली असेल तर सोडून द्या. घासण्यात धातूवर ठोकलेले कारखान्याचे शिक्के पुसले जातात, आणि संग्राहकाला तेच तर हवे असतात.

वकीलसाहेबांनी मला हत्यारासोबत जुन्या परवान्याची प्रत आणि खरेदीची पावती दिली, शाई फिकी पडलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली. ती मी रिव्हॉल्व्हरसोबतच कुलपात ठेवतो. तुम्हीही विकणाऱ्याकडे अशी पावती आहे का ते आवर्जून विचारा.