ना. श्री. बेंद्रे यांनी बडोद्याच्या फाइन आर्ट्सचे डीन म्हणून मागे काय ठेवले?

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे सर्वांना ठाऊक आहेत, पण डीन म्हणून, म्हणजे विद्याशाखेचे प्रमुख म्हणून, त्यांचे कर्तृत्व काय, असा आपला प्रश्न आहे. मी चित्रकार नाही. मात्र त्यांच्यासारखाच इंदूरहून बडोद्यात आलो असल्याने उत्तरात थोडा पक्षपात डोकावल्यास तो माफ करावा.

आरंभी एक गैरसमज दूर करतो. बेंद्रे या विद्याशाखेचे पहिले डीन नव्हते. तो मान मार्कंड भट्ट यांचा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 साली फाइन आर्ट्सची शाखा निघाली, तेव्हा बेंद्रे चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख म्हणून आले, 1959 मध्ये डीन झाले आणि 1966 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. म्हणजे सोळा वर्षांतली जेमतेम सात वर्षे ते डीनच्या खुर्चीत होते, आणि माझ्या मते त्यांचे खरे काम त्या खुर्चीपेक्षा वर्गात अधिक झाले.

इतरत्र चित्रकलेसाठी बहुधा पदविकाच मिळत असे, त्या काळात बडोद्याने पदवी देऊ केली. परंतु पदवीमुळे चित्रकार घडतोच असे नाही. बेंद्रे स्वतः इंदूरच्या निसर्गचित्रांपासून घनवादाकडे (वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडण्याची शैली), तिथून अमूर्ताकडे आणि पुढे रंगबिंदूंच्या चित्रणाकडे वळत राहिले. ज्या शिक्षकाची स्वतःची शैलीच स्थिर नाही, त्याची नक्कल विद्यार्थ्याने करावी तरी कशी? काही समीक्षकांना ही अस्थिरता उणीव वाटते. शिक्षकाच्या ठायी मात्र ती वरदान ठरली असे मला वाटते. गुलाममोहम्मद शेख यांची कथनपर चित्रे, ज्योती भट्ट यांची मुद्राचित्रे (ठशावरून छापलेली चित्रे) व खेड्यांतल्या भिंतींची छायाचित्रे आणि शांती दवे यांची अमूर्त चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर हे एकाच गुरूचे शिष्य आहेत हे सांगूनही पटत नाही.

विद्यार्थ्यावर आपली शैली न लादण्याची ही रीत बेंद्रे यांनी बहुधा इंदूरहूनच आणली असावी. तिथल्या कलाशाळेत ते दत्तात्रय देवळालीकर यांच्या हाताखाली शिकले; मकबूल फिदा हुसेनही काही काळ त्याच शाळेत होते, आणि बेंद्रे व हुसेन यांच्या चित्रांत साम्य शोधूनही सापडत नाही.