ड्रोन, हेलिकॉप्टर आणि ‘एवढ्याशा खेळण्याने काय होतंय?’ हा बचाव

प्रश्न : मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. एका प्री-वेडिंगच्या शूटसाठी शेतावर ड्रोन उडवला. पेटीवर वजन २४९ ग्रॅम लिहिलंय. मी मात्र जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली होती. जागा विमानतळाच्या कुंपणापासून साधारण दहा किलोमीटर. नकाशावर हिरवा झोन दिसला, म्हणजे १२० मीटरपर्यंत मोकळीक, असं धरून चाललो. मध्येच सिग्नल तुटला, ड्रोन आपोआप वर चढून परत येऊ लागला आणि तेवढ्यात एक हेलिकॉप्टर कमी उंचीवरून गेलं. टक्कर झाली नाही, पण पायलटने तक्रार केली. पोलिसांनी ड्रोन जप्त केला, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ आणि २२३ खाली गुन्हा नोंदवला. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) कारणे दाखवा नोटीसही आली आहे. मित्र म्हणतो, पक्षी तर विमानांना नेहमीच धडकतात, पाव किलोच्या खेळण्याने काही होत नसतं, हाच मुद्दा लावून धर. आणि मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पुसून टाक. काय करावं?

उत्तर : मित्राचा दुसरा सल्ला आधी निकालात काढू. मोबाइलमधलं काहीही पुसू नका, ॲप काढू नका, फोन रिसेट करू नका. पुरावा म्हणून न्यायालयात येऊ शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट केली, तर न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज लागलेल्या कलम १२५ मध्ये, कुणाला इजा झालेली नसताना, कमाल शिक्षा तीन महिने कैद किंवा २,५०० रुपये दंड किंवा दोन्ही, एवढीच आहे. लहान गुन्हा झाकायला मोठा अंगावर कशाला घ्यायचा? शिवाय ती नोंद बरीचशी तुमच्याच बाजूने बोलेल.

आता खेळण्याचा मुद्दा. या वादात दोन्ही बाजू ताणून बोलतात. ‘ड्रोन दिसला’ अशा तक्रारींवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे खरं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचा गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या खबरांवरून बंद पडला, सुमारे हजार उड्डाणं रद्द झाली किंवा वळवली गेली. ड्रोन शेवटपर्यंत सापडला नाही. ज्या जोडप्याला पकडलं होतं त्यांच्यावर आरोप ठेवता आला नाही, उलट पोलिसांना त्यांना भरपाई द्यावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये मोझांबिकच्या एका बोइंगचं नाक चेपलं, ड्रोनचं नाव पुढे आलं, आणि तपासात निघाला तो नाकाच्या कवचाचाच बिघाड.

पण सिद्ध झालेल्या टकराही आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला फँटम ड्रोन धडकला. पात्याला पोचा पडला, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं आणि अडकलेल्या मोटरच्या तुकड्यावरून मालक सापडला. टक्कर झाल्याचा त्याला पत्ताही नव्हता, कारण ड्रोन त्याच्या नजरेच्या कितीतरी पलीकडे होता. आणि तुमच्या बचावाला थेट छेद देणारं उदाहरण जानेवारी २०२५ मधलं आहे : लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला अडीचशे ग्रॅमच्या आतल्या वर्गातल्या ड्रोनने सुमारे ३ बाय ६ इंचांचं भोक पाडलं. विमान पडलं नाही. पण आग पेटलेली असताना ते काही दिवस जमिनीवर राहिलं.

पक्ष्याशी तुलनाही अर्धीच खरी. मोठ्या प्रवासी विमानांची बांधणी चार पौंडी, म्हणजे १.८ किलोच्या पक्ष्याचा आघात धरून तपासली जाते. पण पक्ष्याचं शरीर आदळताच पसरतं. ड्रोनमधली मोटर, बॅटरी आणि कॅमेरा हे कठीण गोळे पत्र्यातून आत घुसतात. तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन जास्त नुकसान करतो, असा अमेरिकी विमान प्रशासनासाठी झालेल्या अभ्यासाचा २०१७ चा निष्कर्ष आहे. हेलिकॉप्टरचं तर आणखी नाजूक. अमेरिकी मानकांत मोठ्या वर्गातल्या हेलिकॉप्टरला एक किलोच्या पक्ष्याची चाचणी आहे, हलक्या वर्गाला तशी अटच नाही.

तरीही या वादात तुम्ही किती खोल शिरायचं? डीजीसीएच्या नोटिशीपुरतं अजिबात नाही. ड्रोन नियम, २०२१ तुम्हाला ‘विमान पडलं असतं का’ हे विचारतच नाहीत. ते विचारतात : वजन किती, जागा कुठली, उंची किती, परवानगी होती का, आणि माणसं असलेल्या विमानाला वाट दिली का. फाटक बंद असताना रूळ ओलांडला, तर ‘गाडी लांब होती’ हे उत्तर चालत नाही, तसंच हे.

वाट देण्याची सगळी जबाबदारी ड्रोनवाल्यावर टाकण्यामागे साधं गणित आहे. पाव मीटर रुंदीचा ड्रोन हेलिकॉप्टरच्या पायलटला प्रत्यक्षात दोनशे मीटरच्या आसपास आल्यावरच दिसला तर दिसतो. हेलिकॉप्टर १२० नॉट्सने, म्हणजे सेकंदाला ६२ मीटर वेगाने जातं. हाती उरतात तीन सेकंद. उलट तुम्हाला जमिनीवर हेलिकॉप्टरचा आवाज बराच आधी येतो. म्हणून ‘पायलटनेच बघायला हवं होतं’ असं उत्तरात चुकूनही लिहू नका.

तुमच्या बाबतीत पहिली अडचण वजनाची. नियमांत वर्ग ठरतो तो सगळ्या भारासकटच्या कमाल वजनावर, पेटीवर काय छापलंय त्यावर नाही. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. या आकाराच्या ड्रोनना मोठी बॅटरी लावली की वजन सहज २९० ग्रॅमच्या घरात जातं. प्रोपेलर गार्ड किंवा लेन्सवरचा फिल्टरही काटा ढकलतो. मायक्रोत गेलात की यूआयएन (ड्रोनचा ओळख क्रमांक) नोंदणी हवी, त्रयस्थ पक्षाचा विमा हवा, आणि पैसे घेऊन शूटिंग करत असल्यामुळे रिमोट पायलट प्रमाणपत्रही हवं. बिनव्यावसायिक मायक्रोला असलेली सूट तुम्हाला लागू नाही. म्हणून जप्ती पंचनाम्यात वजन लिहिलंय का, कुठल्या बॅटरीसह लिहिलंय, आणि पिशवी-कंट्रोलरसकट एकत्रच मोजलंय का, हे आधी पाहा. ड्रोन परदेशी बनावटीचा असेल तर खरेदीचं बिलही शोधून ठेवा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि तो प्रश्न येणारच.

दुसरी अडचण उंचीची, आणि इथेच बहुतेक जण फसतात. हिरव्या झोनमध्ये साधारणपणे १२० मीटर चालतात. पण विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा झोन फक्त ६० मीटरपर्यंत असतो. त्याच्या वर पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. नकाशावरचा रंग बघून थांबायचं नसतं, उंचीची मर्यादाही वाचायची असते. तुम्ही म्हणाल, दहा किलोमीटरवर तीन अंशांच्या उतारावरून येणारं विमान धावपट्टीपेक्षा पाचशेहून जास्त मीटर उंच असतं. बरोबर आहे. पण तो हिशेब प्रवासी विमानांचा. हेलिकॉप्टरला उतरणीची तशी वाट नसते.

मग ड्रोन ६० मीटरच्या वर गेला कसा? सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मग उड्डाण केलेल्या जागेकडे वळतो. ही परतीची उंची ॲपमध्ये शंभर मीटर किंवा त्याहून जास्त ठेवलेली असली, तर चाळीस मीटरवर शांतपणे चाललेलं चित्रीकरणही क्षणात नियमभंगात जातं. नोटिशीपुरता हा बचाव होत नाही, ती सेटिंग तुमचीच होती. फौजदारी बाजूला मात्र तो मोलाचा आहे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ मध्ये धोका होईल अशा रीतीने जाणूनबुजून विमान चालवण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, असा गुन्हा आहे. पोलीस पुढे तोही जोडण्याच्या विचारात असतील, तर ड्रोन आपोआप चढला हे दाखवणारी लॉगमधली (ॲपने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीतली) ओळ ‘जाणूनबुजून’ला उत्तर देते.

कलम १२५ मध्ये बेदरकारपणा किंवा हयगय, आणि त्यातून माणसाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका, या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाला सिद्ध कराव्या लागतील. इथे मित्राचा भौतिकशास्त्राचा मुद्दा कामाला येतो, पण घोषणा म्हणून नव्हे, आकड्यांत. समजा अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाची २०१८ ची चाचणी पुढे केली, जिच्यात ड्रोन छोट्या विमानाच्या पंखात घुसला होता. तो ड्रोन सुमारे ९५० ग्रॅमचा होता आणि ताशी ३८० किलोमीटरहून जास्त वेगाने डागला होता. २९० ग्रॅमचा ड्रोन आणि ताशी २२० किलोमीटरने जाणारं हेलिकॉप्टर धरलं, तर आघाताची ऊर्जा त्याच्या साधारण दहावा हिस्सा येते. शून्य नव्हे, पण ती चाचणी जशीच्या तशी तुम्हाला चिकटत नाही. त्याहून महत्त्वाचं, दोघांत प्रत्यक्ष अंतर किती होतं? ते ‘फारच जवळ’ या शब्दांवर ठरत नाही.

म्हणून नोंदी जुळवण्याचं काम आजच सुरू करा. ड्रोनचं ॲप उंची दाखवतं ती उड्डाण केलेल्या जागेपासूनची. पायलट सांगतो ती बहुधा समुद्रसपाटीपासूनची. समजा तक्रारीत २,३०० फूट लिहिलंय. ते झाले ७०१ मीटर. शेत समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर असेल, तर हेलिकॉप्टर जमिनीपासून १११ मीटरवर होतं, म्हणजे शंभर मीटरवरच्या ड्रोनच्या जवळजवळ पातळीला. वाचायला मात्र २,३०० आणि १०० हे आकडे एकमेकांपासून कोसभर लांब वाटतात. टेकाडावरून उडवून खोलगट भागावर नेला असेल, तर तुमचाही आकडा वाढतो. वेळेचंही तसंच : नियंत्रण कक्षाच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. हा फरक न जुळवता काढलेला निष्कर्ष कुणाच्याही कामाचा नाही.

नियंत्रण कक्षातलं ध्वनिमुद्रण आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान तीस दिवस जपायचं असतं. त्यानंतर ते मिळेलच याची खात्री धरू नका. ते आणि रडारची नोंद राखून ठेवावी, असा लेखी अर्ज तपासी अंमलदार आणि विमानतळ प्रशासन, दोघांकडे देऊन पोच घ्या. तुमच्या फोनमधल्या लॉगची प्रत वकिलासमोर काढा, हॅश मूल्य (फाइलीत बदल झाला नाही हे दाखवणारा आकडा) नोंदवा आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र तयार ठेवा.

कलम २२३ हे लोकसेवकाने जारी केलेला आदेश मोडल्याचं. तो आदेश कुठला, कुणाचा, कुठल्या तारखेचा? नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १६३ खालचा मनाई आदेश साधारणपणे दोन महिनेच टिकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने ड्रोनसाठी तात्पुरता लाल झोन, म्हणजे उड्डाणबंदीचा भाग, जाहीर केला असेल, तर एका वेळी कमाल ९६ तास. आदेश उड्डाणाच्या दिवशी जिवंत होता का आणि तुम्हाला तो माहीत होता का, हे दोन प्रश्न विचारायचेच. शिवाय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय या कलमाची दखल घेऊ शकत नाही. नुसत्या दोषारोपपत्रावर हे कलम उभं राहिलं असेल, तर इथे वकिलाला काम आहे.

पोलिसांची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस आली तर ठरल्या वेळी हजर राहा. न जाणं हेच अटकेचं कारण होतं. नाव, पत्ता, ड्रोनची मालकी सांगा. पण ‘माझ्यामुळे हेलिकॉप्टरला धोका झाला’ असा माफीनामा कुणी मजकूर सांगून लिहून घेत असेल, तर नम्रपणे नकार द्या. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब गुन्हा शाबीत करायला चालत नाही, तरी तोच कागद डीजीसीएच्या फाइलीत गेला की तिथे डोकेदुखी होते.

नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. म्हणणं ऐकल्याशिवाय शास्ती लावता येत नाही. ड्रोन नियमांखाली ती कमाल एक लाख रुपये आहे. तुमच्या जागी मी ६० मीटरच्या मर्यादेवर वाद घालणार नाही. लॉग सोबत जोडा, परतीच्या उंचीची सेटिंग सांगा, हेलिकॉप्टर दिसल्यावर काय केलंत ते सेकंदांसह लिहा, आणि आता नोंदणी, विमा, प्रमाणपत्र यांसाठी काय सुरू केलंय त्याच्या पावत्या लावा. आधी वकिलाकडून फौजदारी प्रकरणाशी ते उत्तर ताडून घ्या. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी गेल्या तर दोन्हीकडे अडकाल. आदेश विरुद्ध गेला तर अपिलाची सोय आहे, नव्या अधिनियमात दुसऱ्या अपिलाचीही.

ड्रोन परत मिळवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्याचा अर्ज करा. जप्त वस्तू ठाण्यात वर्षानुवर्षं कुजवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय. ड्रोनच्या मेमरी कार्डाची प्रत आधी काढून घ्यावी, म्हणजे परत देताना पुराव्याची सबब राहणार नाही, असं अर्जात लिहा. आणि बॅटऱ्यांसाठी वेगळी ओळ घाला : त्या ड्रोनमधून काढून, अर्ध्या चार्जवर, उन्हापासून दूर ठेवाव्यात. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी मुद्देमालाच्या बंद खोलीत उन्हाळाभर राहिली तर फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीचा ड्रोन परत मिळून उपयोग नाही.