‘ड्राय’ मागवलं म्हणून तेल कमी होत नाही

प्रश्न : मिस्टरांना बीपी आहे आणि यंदा साखरही निघाली. मुलांना मात्र अधूनमधून चायनीज हवंच असतं. तेल नको म्हणून आम्ही मंचुरियन ड्राय मागवतो, सोबत फ्राईड राईस. हे बरोबर आहे का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : ताई, गफलत इथंच होते. ड्राय म्हणजे रस्सा नसलेलं, तेल नसलेलं नव्हे. कोबी-गाजराच्या किसात मैदा आणि कॉर्नफ्लोर मिसळून गोळे तळतात. बऱ्याच ठिकाणी ते आधीच अर्धवट तळून ठेवलेले असतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात पडतात. मग लसूण-मिरची परतायला आणखी तेल. ग्रेव्हीत गोळे तेच, फक्त सॉस जास्त आणि वर कॉर्नफ्लोरची खळ. चिली चिकन, लॉलीपॉप, ‘क्रिस्पी’ नावाचं जे काही असेल ते, सगळं तळलेलंच.

त्याऐवजी नुसत्या परतलेल्या भाज्या मागवा. सिमला मिरची, मशरूम, बेबीकॉर्न, ब्रोकोली हॉट गार्लिकमध्ये छान लागतात. चिकन किंवा पनीर हवं असेल तर ‘न तळता, भाज्यांबरोबर परतून द्या’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘तेल कमी टाका’ म्हणून भागत नाही, कारण गोळे तर आधीच तेल पिऊन बसलेले असतात.

बीपीसाठी तेलाइतकंच सोया सॉसकडे लक्ष हवं. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलीत, साधारण 2 ते अडीच ग्रॅम मीठ असतं. दिवसभरात मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे निम्मा कोटा एका चमच्यात संपला. ऑर्डर देतानाच सांगा : सोया सॉस निम्मा, वरून मीठ नको. पदार्थ कढईत ताजा होत असेल तरच याचा उपयोग. तयार शेजवान चटणीतलं आणि आधी करून ठेवलेल्या ग्रेव्हीतलं मीठ काढता येत नाही, म्हणून ते प्रकार टाळा. चव फिकी लागली तर टेबलावरचं व्हिनेगर घ्या, हिरवी मिरची वाढवून मागा. कोल्हापूरच्या जिभेला तिखट जड जात नाही. सोयाची बाटली मात्र हाताशी ठेवू नका.

साखरेसाठी नियम एकच : राईस किंवा नूडल्स, दोन्ही नाही. ट्रिपल शेजवानमध्ये दोन्ही असतात, शिवाय तळलेल्या नूडल्स आणि ग्रेव्ही. ते मिस्टरांच्या ताटात नकोच. त्यांना वाटीभर राईस वाढा आणि भाजी त्याच्या दुप्पट. सूप मंचाव नको, त्यात कॉर्नफ्लोर असतं आणि वर तळलेल्या नूडल्स. लेमन कोरिअँडर किंवा क्लिअर मागवा, तेही वन बाय टू, कारण मीठ त्यातही आहेच.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. रविवारी रात्री टेबल मिळायलाच तासभर जातो. मिस्टर जेवणाआधी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन घेत असतील तर घरून घेऊन निघाल्यावर साखर एकदम उतरू शकते. बाहेर जेवताना ते नेमकं कधी घ्यायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : अजिनोमोटो न टाकणारं हॉटेल शोधावं का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तेवढ्यासाठी नको. बीपी वाढवतं ते मिठातलं सोडियम, आणि वजनाला वजन धरलं तर अजिनोमोटोत ते मिठाच्या सुमारे एक तृतीयांशच असतं. ते खाऊन तुमचं डोकं जड होत असेल तर जरूर टाळा. पण ‘नो अजिनोमोटो’ची पाटी वाचून निर्धास्त होऊ नका, सोया सॉस तिथंही तेवढाच पडतो.

प्रश्न : गाडीवरचं लालभडक गोबी मंचुरियन मुलांना द्यावं का?
– एक पालक, रंकाळा परिसर

उत्तर : देऊ नये. शेजारच्या कर्नाटकात तपासणीत गोबी मंचुरियनमध्ये टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोईसिन असे कृत्रिम रंग सापडले आणि मार्च 2024 मध्ये तिथं त्यात असे रंग घालायला बंदी आली. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, साध्या पाण्यात फारसा नाही. गोळा पाण्यात बुडवल्यावर पाणी लगेच गुलाबी-लाल झालं, तर वरून रंग घातल्याची शंका घ्या. ही पक्की चाचणी नव्हे, पण तेवढ्यावरून ताट बाजूला सारायला हरकत नाही.

गाडीवर रंगाइतकंच भाताकडेही बघा. फ्राईड राईसला गार, मोकळा भात लागतो, म्हणून तो आधीच शिजवलेला असतो. तो तासन्‌तास उघड्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो. त्याचं उलट्या करणारं विष मोठ्या आचेवर परतूनही जात नाही. भात फ्रीजमधून काढतात की पातेल्यात बाहेरच पडलेला असतो, ते पाहून मगच ऑर्डर द्या. घरी आणलेलं पार्सल उरलं तर तेही रात्रभर ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये टाका.