चावी कोणाकडे असावी?

"डॉक्टर बरा झालास म्हणतात, मग गाडी काढायला हिची परवानगी कशाला?" 44 वर्षांच्या त्या दुकानदार गृहस्थांनी खुर्चीत बसता बसताच मला विचारले. चावी शेजारी बसलेल्या पत्नीच्या पर्समध्ये होती. सात महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडून त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला होता; हेल्मेट नव्हते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चालणे, बोलणे, हिशेब सारे पूर्ववत झाले, तरी एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष ठेवणे आणि ऐनवेळी निर्णय बदलणे मागे राहू शकते. शिवाय स्वतःची उणीव ओळखण्याची क्षमताच दुखावलेली असेल, तर आपल्यात काही कमी आहे हे त्या माणसाला मनापासून पटत नाही. त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे.

पत्नी इतकेच म्हणाल्या, "जेवताना ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते." मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की डावीकडच्या गोष्टी लक्षातून निसटू शकतात. माझ्या दृष्टीने हे फार मोलाचे निरीक्षण होते, कारण आपल्याकडे वाहन डावीकडून चालते आणि उभ्या रिक्षा, सायकली, रस्त्यावर उतरणारी माणसे त्याच बाजूला असतात.

चावीचा निर्णय पत्नीने घ्यायचा नाही, हे मी प्रथम ठरवून दिले. नवरा-बायकोत पोलीस आणि गुन्हेगार असे नाते झाले की उपचार मागे पडतात. फिट्सची शक्यता आणि गोळ्यांची गुंगी याविषयी मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घेतले. परवान्याच्या नमुना 1 मधील घोषणापत्रातही फिट्स, अचानक शुद्ध हरपणे व चक्कर यांविषयी विचारलेले असते. नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत दृष्टिक्षेत्र (नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूचे जेवढे दिसते तो भाग) पूर्ण निघाले, मात्र मानसशास्त्रीय चाचण्यांत डावीकडच्या गोष्टींची दखल उशिरा घेतली जात असल्याचे दिसले.

तीन महिन्यांच्या ऑक्युपेशनल थेरपीनंतर (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारे उपचार), तज्ज्ञांच्या संमतीने, ते ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीत बसले: सकाळची वेळ, मोकळा रस्ता, रेडिओ बंद. पहिल्याच दिवशी डावीकडच्या हातगाडीजवळ प्रशिक्षकाला दोनदा ब्रेक दाबावा लागला. पुढच्या भेटीत हे त्यांनीच मला सांगितले, आणि त्यानंतर "हिची परवानगी" हे शब्द आमच्या बोलण्यात आले नाहीत.

पुढे सराव वाढला. आता ते दिवसा दुकानापर्यंत स्वतः गाडी नेतात, रात्री मुलगा चालवतो. हायवेचा विषय मात्र ते दर भेटीत काढतात.