शेअर उघडतं, फाइल उघडत नाही

या वेळची पत्रं बहुतेक एकाच दुखण्याची आहेत. दोन कॉम्प्युटर एका राउटरवर आहेत, एकमेकांना दिसतातही, पण फाइल कॉपी करायला गेलं की परवानगी नाही. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा, स्लॅश आणि मधल्या जागा मात्र छापल्यात तशाच ठेवा.

प्रश्न : आमचं फ्लेक्स आणि डीटीपीचं काम आहे. डिझाइनच्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हमध्ये ‘जॉब’ नावाचं फोल्डर शेअर केलंय. प्रिंटिंगच्या मशीनवरून ते उघडतं. त्यातल्या काही फाइल बिनबोभाट कॉपी होतात, काहींना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. सगळ्या एकाच दिवशी टाकलेल्या असतात. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये जाऊन ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिला, तरी फरक नाही. (शाहूपुरी)

उत्तर : आधी डिझायनरला एक विचारा : फाइल ‘जॉब’मध्ये टाकताना तो कंट्रोल-सी दाबतो की कंट्रोल-एक्स? अडणाऱ्या फाइल बहुधा कट करून टाकलेल्या निघतील.

कारण असं. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल ठेवायची नेहमीची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइल आपली परवानग्यांची यादी स्वतःजवळ बाळगते. फाइल कॉपी केली की नवी फाइल जन्माला येते आणि ती नव्या फोल्डरची यादी घेते. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर नवी फाइल बनतच नाही. जुन्या फाइलचा फक्त पत्ता बदलतो आणि ती जुनी यादी घेऊनच येते. डेस्कटॉपवरच्या फाइलच्या यादीत सहसा तिघंच असतात : तो डिझायनर, सिस्टम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स. प्रिंटिंगवाल्याचं नाव त्यात नाही, म्हणून फोल्डर उघडतं पण फाइल अडते.

तुमच्या फुल कंट्रोलचा उपयोग झाला नाही, कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन कुलपं लागतात. एक शेअरचं, दुसरं फाइलचं, म्हणजे सिक्युरिटी टॅबमधलं. दोन्ही उघडावी लागतात आणि ज्याची परवानगी कमी, तीच चालते. तुम्ही पहिलं सताड उघडलंत, दुसरं तसंच राहिलं. उलटा प्रकारही नेहमीचा आहे. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगने नवं शेअर केलं की ‘एव्हरीवन’ला मुळात फक्त ‘रीड’ मिळतं. मग फाइल तिथून घेता येते, तिथे टाकता येत नाही. असं झालं तर सिक्युरिटी टॅबमध्ये डोकं घालू नका, दोष शेअरच्या कुलपात आहे.

खात्री करायची तर अडलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड आणि तिथला ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ टॅब. ज्या नावाने प्रिंटिंगचं मशीन येतं ते नाव निवडा आणि ‘व्ह्यू’ दाबा. लाल फुल्यांची रांग दिसली की रोग सापडला. आता ते नाव कोणतं, हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. डिझाइनच्या मशीनवर विंडोज-आर दाबून ‘एफएसएमजीएमटी डॉट एमएससी’ चालवा आणि ‘सेशन्स’ बघा. आत्ता कोण कोणत्या नावाने आत आलंय ते तिथे लिहिलेलं असतं. ‘गेस्ट’ दिसलं तर तुमचा पासवर्ड कुणी विचारलेलाच नाही.

दुरुस्ती : अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आतल्या सगळ्या फाइलना ‘जॉब’ फोल्डरची यादी लावणारी ही कमांड द्या (पहिला शब्द आय-सी-ए-सी-एल-एस)

आयकॅकल्स सी:\जॉब\* /रिसेट /टी /सी

शेवटचं ‘\*’ विसरू नका. ते नसलं तर ‘जॉब’ फोल्डरला तुम्ही स्वतः दिलेल्या परवानग्याही पुसल्या जातील. आत एखादं फोल्डर मुद्दाम बंद ठेवलं असेल, हिशेबाचं वगैरे, तर तेही या कमांडने सगळ्यांना खुलं होईल. ते आधी बाहेर काढा.

पुढच्यासाठी सोपा उपाय म्हणजे शेअर डी ड्राइव्हवर न्या. सी वरच्या डेस्कटॉपवरून डी वर कट-पेस्ट केलं तरी विंडोज आतून कॉपी करून मूळ फाइल पुसतं, त्यामुळे नव्या फोल्डरची यादी लागते. डिझायनरची सवय बदलण्यापेक्षा ड्राइव्ह बदलणं सोपं. सिक्युरिटी टॅबमध्ये काहीतरी बदललं की सगळं आपोआप सुरळीत होतं, असाही अनुभव येतो. त्या बदलासरशी यादी खालपर्यंत नव्याने वाटली जाते, इतकंच. पुढच्या कट-पेस्टला परत तेच.

प्रश्न : वर्कशॉपच्या ऑफिसात विंडोज 11 प्रोचा नवा कॉम्प्युटर घेतला. शॉपफ्लोअरवरच्या विंडोज 7 मशीनमधलं ड्रॉइंगचं फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवरून पासवर्डशिवाय उघडायचं. आता ‘संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला प्रवेश नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. आमची कसली संस्था? तीन माणसं आणि दोन सीएनसी! (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : संस्था म्हणजे इथे विंडोजच. 24एच2 या आवृत्तीपासून विंडोज 11 प्रो गेस्ट म्हणून दुसरीकडे जायला नकार देतं आणि प्रत्येक जोडणीवर सही मागतं, म्हणजे साइनिंग. ही सही पासवर्डापासून तयार होणाऱ्या किल्लीने होते. गेस्टला पासवर्ड नाही, मग किल्ली नाही आणि सहीही नाही. जुनं फोल्डर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद ठेवून चालत होतं, ते यातच अडकलं.

विंडोज 7 च्या मशीनवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूजर ड्रॉइंग * /अ‍ॅड’ द्या. चांदणीमुळे पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नका. मग या ‘ड्रॉइंग’ खात्याला शेअरमध्ये ‘चेंज’ आणि सिक्युरिटीत ‘मॉडिफाय’ द्या. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. नव्या कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल म्हणून मशीनचं नाव, ‘मशीन\ड्रॉइंग’ हे यूजरनेम आणि पासवर्ड घाला. एकदाच करायचं आहे.

नेटवर गेस्ट पुन्हा चालू करायची रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची, युक्ती सापडेल. ती चालते, पण त्यासोबत साइनिंगही बंद करावं लागतं. आम्ही ती सुचवणार नाही.

शेजारच्या मशीनवर विंडोज एक्सपी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची विंडोजची भाषा. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती येते. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षापासून नव्याने बसवलेल्या विंडोज 10 मध्ये ती मुळातून मिळत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती चालू करण्यापेक्षा एनसी प्रोग्रॅम (सीएनसी मशीनला द्यायच्या सूचना) पेनड्राइव्हने न्या. त्या टेक्स्ट फाइल असतात, काही केबींच्या. कंट्रोलर जुना असेल तर पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट करा.

प्रश्न : पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी नेटवर्कवरून घेत नाही. त्याच कॉम्प्युटरसमोर बसून टाकला तर चालतो. (गांधीनगर)

उत्तर : तुम्ही समोर बसून टाकता तो बहुधा पिन असेल. पिन त्या एका कॉम्प्युटरपुरताच असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तरी नेटवर्कवरून प्रवेश नाही. कोरा पासवर्ड विंडोज फक्त समोर बसणाऱ्याला चालू देतं. दोन्ही कॉम्प्युटरवर एकाच नावाचं खातं पण पासवर्ड वेगळे, हाही सापळा आहे. विंडोज आधी गुपचूप इथलाच पासवर्ड तिथे देऊन बघतं.

या प्रयत्नांत 1219 क्रमांकाची चूक आली, तर त्या मशीनशी दुसऱ्या नावाने आधीच जोडणी झालेली आहे. ‘नेट यूज * /डिलीट’ देऊन नव्याने जोडा.

प्रश्न : स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर बंद पडला. हार्ड डिस्क काढून नव्याला लावली, पण जुन्या ‘यूजर्स’ फोल्डरला परवानगी नाही. खात्याचं नाव दोन्हीकडे तेच आहे. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडने प्रयत्न केला तर रात्रभर एकाच फाइलवर अडून बसलं. (राजारामपुरी)

उत्तर : विंडोज नावाने ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. तो ‘एस-1-5-21’ने सुरू होतो आणि प्रत्येक इन्स्टॉलेशनमध्ये वेगळा असतो. नाव तेच असलं तरी त्या डिस्कच्या दृष्टीने तुम्ही परके.

फोल्डरची मालकी घेण्याचा मार्ग आहे, पण फक्त फोटो बाहेर काढायचे असतील तर जुन्या डिस्कवर काही बदलू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून (ई म्हणजे जुनी डिस्क, डी म्हणजे नवी जागा) :

रोबोकॉपी ई:\यूजर्स डी:\जुने /ई /बी /एक्सजे /आर:1 /डब्ल्यू:2 /लॉग:डी:\लॉग.टीएक्सटी

‘/बी’ म्हणजे बॅकअप मोड. यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फाइलची यादी न बघता ती वाचू शकतो. ‘/एक्सजे’ महत्त्वाचं आहे. ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’, ‘माय पिक्चर्स’ यांसारखी काही फोल्डर ही खरी फोल्डर नसून जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या पाट्या असतात. त्यांच्यावर डबल क्लिक केलं की परवानगी नाही असंच येणार, तो बिघाड नव्हे. मूळ डेटा दुसरीकडे असतो.

रात्रभर का अडलं? रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर ते फसलेल्या फाइलवर 10 लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी 30 सेकंद थांबून. म्हणजे एका फाइलपायी 347 दिवस. ‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ म्हणून घालायचेच. नंतर लॉगमध्ये ‘एरर 5’ शोधा, ती परवानगीची चूक. ‘एरर 32’ दिसली तर परवानगीचा संबंध नाही, ती फाइल कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये उघडी आहे.

फाइलच्या आयकॉनवर छोटं कुलूप असेल किंवा नाव हिरवं दिसत असेल, तर ती जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राने एन्क्रिप्ट केलेली आहे. वरची युक्ती तिथे चालणार नाही, जुन्या खात्याचं जपून ठेवलेलं प्रमाणपत्रच लागेल.

प्रश्न : लॅबमध्ये उबुंटू लिनक्सवर सांबा (विंडोजशी फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम) बसवलं. माझ्या होममधलं (खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमधलं) एक फोल्डर 777 केलं, म्हणजे सगळ्यांना पूर्ण परवानगी दिली, तरी वेगळ्या खात्याने येणाऱ्या मित्राला विंडोजवरून परवानगी नाही. (विद्यार्थी, विद्यापीठ परिसर)

उत्तर : 777 फक्त त्या फोल्डरचं झालं. तिथवर पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’, म्हणजे आत शिरायची परवानगी, लागते, आणि उबुंटू 21.04 पासून नवं होम फोल्डर 750 असतं, म्हणजे इतरांना बंद. दार उघडं आहे, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद. ‘एन-ए-एम-ई-आय’ ही कमांड ‘-एल’ आणि पूर्ण पाथ देऊन चालवा. वाटेतलं प्रत्येक फोल्डर परवानग्यांसकट ओळीने दिसेल.

होम उघडं टाकू नका. ‘/एसआरव्ही’ खाली फोल्डर करा, एक ग्रुप बनवून त्यात दोघांना घाला, ‘सीएचजीआरपी’ने फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा आणि परवानगी 2775 ठेवा. सुरुवातीच्या 2 मुळे आतल्या नव्या फाइललाही तोच ग्रुप लागतो. सांबाच्या शेअरमध्ये ‘क्रिएट मास्क’ 0664 आणि ‘डिरेक्टरी मास्क’ 2775 लिहा. मुळात क्रिएट मास्क 0744 असतो, त्यात ग्रुपला लिहिता येत नाही. मित्राचं खातं ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने सांबात वेगळं घालावं लागतं, लिनक्सचा पासवर्ड सांबाला आपोआप कळत नाही.