फोन उचलला नाही की…

“मॅडम, काही झालेलं नसणार हे मला कळतं. तरी हात थरथरतात.”

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) डोंबिवलीला राहतात. मुलगी घाटकोपरला नोकरी करते, रोज लोकलने जाते-येते. संध्याकाळी तिने फोन उचलला नाही की यांच्या डोळ्यांसमोर रूळ, गर्दी, स्ट्रेचर. एकदा त्यांनी सतरा वेळा फोन लावला, मग तिच्या मैत्रिणीला, शेवटी तिच्या साहेबांना. मुलगी रडतच घरी आली. त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत.

“मनी चिंती ते वैरी न चिंती, तसं झालंय माझं,” त्या म्हणाल्या. “सगळे सांगतात, विचार करू नकोस. पण कसा नाही करायचा?”

हा प्रश्न मला फार जण विचारतात. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रयोगातून तेच दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांच्या मनात अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. म्हणून ‘विचार करू नकोस’ हा सल्ला मी कुणालाच देत नाही.

मी विचारलं, “गाडीला उशीर झाला म्हणून हात थरथरतात का?”

“हो.”

“त्याच गाडीने आणखी कुणाची मुलगी येते?”

“शेजारच्या वहिनींची.”

“त्या वेळी त्या काय करत असतात?”

त्या थांबल्या. “कुकर लावत असतात.”

उशीर दोघींच्या मुलींना होतो, पण थरथर एकीच्याच हातांना. मधे काहीतरी आहे. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, ती या मधल्या जागेवर बोट ठेवते. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली धारणा असते. सुनंदाताईंची धारणा शोधायला दोन भेटी लागल्या. ती अशी निघाली : “ती सुखरूप आहे हे मला आत्ताच्या आत्ता कळलंच पाहिजे. नाही कळलं तर मला सहनच होणार नाही.”

या वाक्यांतला ‘च’ मी नेहमी कान देऊन ऐकते. माणसाला छळणारा हट्ट बहुतेक वेळा त्या एका अक्षरात असतो.

“काही होणार नाही” असं मी त्यांना म्हटलं नाही. लोकलच्या गर्दीत माणसं खरोखर जिवाला मुकतात. त्यांची काळजी खोटी नव्हतीच. आम्ही फक्त वाक्य बदललं : “लगेच कळावं असं मला फार वाटतं. नाही कळलं तर तो वेळ कठीण जाईल, पण मी तो काढू शकते.”

फोन लागला की जीव भांड्यात पडायचा, आणि मन शिकायचं की फोनमुळेच आपण सावरलो. त्यामुळे पुढच्या वेळी ओढ आणखी वाढायची. म्हणून गृहपाठ ठरला : मनात आलेलं चित्र वेळेसकट वहीत लिहायचं, वीस मिनिटं फोन लावायचा नाही आणि नंतर खरं काय घडलं ते शेजारी लिहायचं.

पहिला आठवडा फसला. चौथ्या मिनिटाला त्यांनी फोन लावला आणि मला सांगताना रडल्या. मला ते अपेक्षित होतं, वर्षांची सवय आठ दिवसांत सुटत नाही. आम्ही वीसची पाच मिनिटं केली, मग दहा. त्या वेळात पोळ्या लाटायच्या, कारण हात गुंतलेले हवेत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

कुणाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा तेच तेच तपासण्यात दिवस जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

तिसऱ्या महिन्यात सुनंदाताईंनी वही उघडून दाखवली. “७.५० : चित्र आलं. छाती धडधडली. ८.१० : फोन केला नाही. ८.३५ : ती आली, गाडी मुंब्र्याला थांबली होती.” खाली मुलीच्या अक्षरात एक ओळ होती : “आई, आज तू दार उघडलंस तेव्हा हातात पीठ होतं.”