१०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून काम केल्यावर मनाचं काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: बीएएमएस नुकतंच पूर्ण झालंय, १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून जागा मिळतेय, पण घरचे म्हणतात, 'रोज मढी बघून डोक्यावर परिणाम होईल.' खरंच होतो का, आणि होत असेल तर लोक हे काम सोडत का नाहीत?

परिणाम होतो. पण घरच्यांना वाटतं तसा मढी बघून नाही. रक्ताची सवय काही आठवड्यांत होते. हात कामाला लागले की डोळे कामापुरतंच बघतात: श्वास चालू आहे का, नाडी लागते का, मान सरळ धरली आहे का, रक्त नेमकं कुठून येतंय. मी सातारा जिल्ह्यात काम करतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरचं ते वळण, हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला बिनरिफ्लेक्टरच्या उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यातले घाट, यांतून जे जे येतं ते बघून झालंय. त्या दृश्यांनी माझी झोप फारशी उडवलेली नाही.

झोप उडवतो तो गाडीतला रस्ता. घटनास्थळापासून रुग्णालयापर्यंतचा. शहरात तो दहा मिनिटांचा असेल, पाटण-जावळीच्या डोंगरात तासाभराचाही होतो. मागे बंद दारांआड तीन माणसं असतात: पेशंट, तुम्ही आणि बाकड्यावर बसलेलं घरचं कुणीतरी. हृदय बंद आहे हे तुम्हाला कळलेलं असतं, त्यांना नसतं. तुम्ही छाती दाबत राहता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, कारण मृत्यू घोषित होतो रुग्णालयात आणि तोवर हात थांबवायचे नसतात. अमेरिकेसारख्या देशातही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या साधारण दहांतला एकच जण पुढे जिवंत घरी जातो. आपल्या घाटातल्या पेशंटचं काय होणार याचा अंदाज तुम्हाला असतो. आणि बाकड्यावरून प्रश्न येतो, "डॉक्टर, हाय न्हवं?"

त्या घडीला ती बातमी फक्त तुमच्याजवळ असते आणि जिला ती सांगायची ती बाई तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असते. या कामाचा खरा भार हा आहे. मृत्यू तर वॉर्डातला डॉक्टरही बघतो, पण त्याला दाराबाहेर जाता येतं, सिस्टरशी दोन शब्द बोलता येतात. तुम्हाला गाडी थांबेपर्यंत कुठेही जाता येत नाही.

एक केस सांगतो. उन्हाळ्याची सुट्टी, मामाच्या गावाला आलेला मुलगा, शेततळं. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि एकदा आत घसरलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, काठ धरून वर येता येत नाही. (तुमच्याकडे शेततळं असेल तर त्यात आजच गाठी मारलेला दोर सोडून ठेवा आणि भोवती कुंपण करा. एवढ्यानं जीव वाचतात.) मुलाला बाहेर काढून बराच वेळ झाला होता. आम्ही सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, चालू ठेवून निघालो. त्याची आई बाकड्यावर होती. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "अंग गार पडलंय त्याचं. चादर घाला की वो." मी एका हातानं चादर ओढून त्याच्या पायांवर घातली आणि परत छातीवर हात ठेवले. ती चादर नीट करत राहिली. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत नीट करत होती.

त्यानंतर कित्येक महिने माझ्या मुलीला पोहायला शिकवण्याचा विषय घरात निघाला की मी उठून बाहेर जायचो. बायकोला कारण माहीत नव्हतं. आधी मलाही नीटसं उमगलं नव्हतं.

नातेवाइकांशी गाडीत काय बोलायचं, हे कॉलेजात मला कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या सहकाऱ्यांकडून आणि अनुभवातून माझं मत असं झालंय की 'काही होणार नाही, काळजी करू नका' हे वाक्य कधीही उच्चारू नये. त्या क्षणी ते दिलासा देतं, पण पुढे आयुष्यभर त्या माणसाला वाटत राहतं की गाडीत तर सगळं ठीक होतं, मग दवाखान्यात काय केलं? मी सांगतो, "हृदय बंद पडलंय. ते चालू व्हावं म्हणून मी दाबतोय. तुम्ही त्याचा हात धरा, त्याच्याशी बोला." खोटं काही नसतं, आणि त्या माणसाला करायला काहीतरी मिळतं. हे बोलताना माझा आवाज आजही कापतो, पण बोलून झाल्यावर भार थोडा वाटला गेल्यासारखा वाटतो.

दुसरा त्रास असतो तो अर्धवट राहिलेल्या गोष्टींचा. कॅज्युअल्टीत हँडओव्हर दिला, फॉर्मवर सही घेतली, स्ट्रेचर पुसलं की पुढचा कॉल. ज्या बाईचा हात तासभर धरून ठेवला होता ती वाचली की नाही, हे बहुतेक वेळा कळतच नाही. काही सहकारी म्हणतात, विचारूच नये. मला ते पटत नाही. त्याच रुग्णालयात पुन्हा गेलो की मी विचारतो. वाईट बातमी मिळाली तरी मनातला प्रश्न मिटतो. न विचारलेले प्रश्न साठत जातात आणि ते रात्री वर येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. लोक सोडत का नाहीत?

कारण तोच बंद गाडीतला रस्ता कधीकधी उलटा निघतो. मण्यार साप चावलेला पेशंट घ्या. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घरच्यांना अपचन वाटतं. मग पापण्या जड होतात, जीभ वळत नाही, आणि हळूहळू श्वासाचे स्नायू बंद पडतात. माणूस शुद्धीवर असतो, ऐकत असतो, पण त्याला बोटही हलवता येत नाही. अशा वेळी ॲम्बू बॅग, म्हणजे तोंडावर मास्क लावून हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी, घेऊन दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, बस. तासभर तो माणूस तुमच्या हातानं श्वास घेतो. ही लकव्याची अवस्था कायमची नसते. ती ओसरेपर्यंत श्वास देत राहिलं तर माणूस सावरतो, आणि विषाचा जोर ओसरल्यावर स्वतःच्या पायानं घरी जातो. बोटं आखडून जातात, खांदा भरून येतो, वळणावर डोकं कपाटावर आपटतं. पण त्या तासाइतका निखळ तास मी आयुष्यात दुसरा अनुभवलेला नाही. त्या वेळी मनात दुसरं काहीही नसतं.

बाळंतपणांचं सांगायला बसलो तर उत्तर संपायचं नाही. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या बायका नवव्या महिन्यातही फडात कोयता चालवतात, आणि कळा सुरू होतात त्या कोपीतच, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीत. रस्ता नाही, गाडी बांधाशी उभी करून स्ट्रेचर सऱ्यांमधून न्यायचं. मोबाईलच्या उजेडात बाळ बाहेर येतं, पुसून आईच्या छातीवर ठेवायचं, नाळेला चिमटे लावायचे. बाळ रडेपर्यंत भोवतीच्या बायका श्वास रोखून उभ्या असतात आणि ते रडल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागतात. त्या आवाजावर पुढचे कित्येक दिवस निघतात. असं बाळंतपण कोपीत व्हावं लागतं याचा रागही येतो, आणि तो राग यायलाच हवा.

वारीतली ड्युटी वेगळीच. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. एवढ्या अफाट गर्दीत गाडी कशी निघणार असं पहिल्यांदा वाटतं. पण सायरन ऐकू आला की 'माउली, वाट द्या' ही हाक पुढे पुढे जाते आणि दिंड्या आपोआप दोन बाजूंना होतात. एरवी हायवेवर चकचकीत गाड्या आमच्या मागे चिकटून रस्ता काढतात. त्या सगळ्याचा शीण तिथे निघून जातो.

मनाची काळजी कशी घ्यायची, याबद्दल मला कळलेलं सांगतो. एक म्हणजे, ही केवळ 'मनानं कमजोर' असण्याची गोष्ट नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणावाचं (पीटीएसडी) एक कारण म्हणून अशा घटनांशी कामानिमित्त वारंवार येणारा संबंध धरला आहे, आणि उदाहरण दिलं आहे ते मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या, सर्वांत आधी पोचणाऱ्या लोकांचं. ते वाचलं तेव्हा मला आंबेनळी घाट आठवला. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस तिथे शेकडो फूट खाली गेली, आणि दरीत दोर टाकून उतरले त्यांत महाबळेश्वरकडचे स्वयंसेवक ट्रेकर्स होते. त्यांना ना पगार, ना ड्युटी संपल्याची वेळ. अशा मुलांना 'शाबास' म्हणणारे पुष्कळ भेटतात. महिन्याभरानं 'झोप लागते का रे?' असं विचारणाराही कुणी हवा.

दुसरं म्हणजे, वाईट केसनंतर लगेच कुणाला खोदून खोदून बोलतं करू नका. जागतिक आरोग्य संघटनाही घटनेनंतर सरसकट असं 'डीब्रीफिंग' करू नये असंच सांगते. चहा द्या, गाडी धुवायला मदत करा, शेजारी बसा. ज्याला बोलायचं असतं तो बोलतो. माझ्या बाबतीत हे काम पायलटनं केलं. १०८ वर चालकाला पायलट म्हणतात, आणि तो समोर असला तरी मागचं सगळं त्याला ऐकू येत असतं. शेततळ्याच्या केसनंतर त्यानं मला काही विचारलं नाही; घाटात एका टपरीशी गाडी थांबवली, कॉल येईपर्यंत आम्ही उभे राहिलो. पुढे कितीतरी दिवसांनी त्याच्याशीच पहिल्यांदा त्या चादरीबद्दल बोललो. मग बायकोशी.

झोप उडणं, दचकणं, एखादा रस्ता टाळणं, घरच्यांवर विनाकारण चिडणं, ड्युटी संपली की दारू लागणं, यातलं काही महिनाभर टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आपण लोकांना ताप अंगावर काढू नका म्हणतो, तेच इथेही लागू आहे.

घरच्यांना काय सांगायचं? त्यांना सांगा की काम अवघड आहे, आणि तुम्ही घरी येऊन बोलणार आहात. हो म्हणण्याआधी जवळच्या लोकेशनवर, म्हणजे १०८ ची गाडी जिथे उभी असते तिथे, जाऊन एक-दोन रात्री नुसतं बसा, शिफ्ट, पगार आणि सुट्ट्यांचं स्पष्ट विचारून घ्या. सुरुवातीचे महिने जुन्या पायलटबरोबर मिळतील असं बघा. आणि रुजू झालात तर नवजात बाळाला गुंडाळायला एखादं स्वच्छ सुती धुडकं स्वतःच्या बॅगेत ठेवा. फडातल्या थंडीत ते पहिल्याच हंगामात लागेल.